डमी आउटपुट! लिनक्स लॅपटॉप मुका झालाय, सुरुवात कुठून करू?

वाचनवेल (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयातल्या लॅपटॉपसाठी मदत हवी आहे. तो दृष्टिहीन वाचकांसाठी आहे. त्यावर डेबियन १२, माटे डेस्कटॉप, ओर्का स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) आणि ईस्पीक-एनजीचा मराठी आवाज आहे. आवाज नसेल तर वाचकांच्या दृष्टीने ते मशीन बंदच.

जुना लॅपटॉप चौथ्या पिढीच्या इंटेलचा होता. त्याचा मदरबोर्ड गेला म्हणून त्यातली एसएसडी काढून देणगीत मिळालेल्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये बसवली. बूट व्यवस्थित होतो. पण साउंड सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं. स्पीकर गप्प, ३.५ मिमीचा जॅक गप्प, आतला माईकही नाही. यूएसबी हेडसेट लावला की आवाज येतो, ओर्का बोलते. वाय-फायही दिसत नाही, सध्या मोबाईलच्या यूएसबी टेदरिंगवर भागवतोय. पण तो प्रश्न वेगळा, नंतर बघू.

आणखी दोन गोष्टी विचारून ठेवतो. देवळाच्या सभागृहातल्या मिक्सरला कुठलाही लॅपटॉप जोडला की चार्जर चालू असताना घूंऽऽ असा आवाज येतो. आणि वाचनालयातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर हेडफोन काढला तरी ‘हेडफोन’च दाखवतं, स्पीकर बंद राहतात. ही पावसाळ्यातल्या दमट हवेची करामत की लिनक्सची?

मालवणी_पेंग्विन
आधी कार्ड दिसाक व्हया, मगे आवाज वाढवक. यूएसबी हेडसेट काढून ठेवा आणि टर्मिनलवर ‘एप्ले -एल’ काय सांगता ता हय लिवा.

कोकमसार
रीइन्स्टॉल करा, अर्ध्या तासात मोकळे व्हाल.

खाडीपलीकडे
रीइन्स्टॉल नको. वाचकांच्या सवयीची ओर्काची सगळी मांडणी त्या एसएसडीवर आहे, ती पुन्हा बसवायला अर्ध्या तासाच्या कितीतरी पट वेळ जाईल. शिवाय कारण न कळता सुटलेला प्रश्न पुढच्या मशीनवर पुन्हा समोर येतो.

आवाज वरून खाली असा येतो: ओर्का किंवा ब्राउझर, मग पल्सऑडिओ किंवा पाइपवायर (आवाज कुठल्या कार्डावर जायचा ते बघणारे प्रोग्राम), मग कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला अल्सा (साउंड कार्डाचे ड्रायव्हर), मग कोडेक चिप (डिजिटल आवाजाचा स्पीकरजोगा सिग्नल करणारी), मग अँप्लिफायर आणि स्पीकर. साखळी कुठे तुटली हे आधी शोधायचं. ‘डमी आउटपुट’चा अर्थ असा की पल्सऑडिओ चालू आहे, पण खालून त्याला एकही कार्ड मिळालेलं नाही. त्यामुळे व्हॉल्यूम, म्यूट, अल्सामिक्सर (टर्मिनलवरच्या आवाजाच्या पट्ट्या) यात आत्ता वेळ घालवू नका. यूएसबी हेडसेटवर ओर्का बोलते, म्हणजे वरची बाजूही ठीक आहे. बिघाड कर्नल आणि कार्ड यांच्या मध्ये आहे.

या तीन आज्ञा चालवा (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करा):

एप्ले -एल
एलएसपीसीआय -एनएनके | ग्रेप -आय -ए३ ऑडिओ
सुडो डीमेसेज | ग्रेप -आय सॉफ

आणि एक विचारतो. वाय-फायचा प्रश्न ‘वेगळा’ असं कशावरून ठरवलंत? मला दोन्हीचं मूळ एकच वाटतंय.

तिठा
इतकं कशाला? ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/’ मध्ये ‘आवाज.कॉन्फ’ नावाची फाईल करा, नाव इंग्रजी अक्षरांत. त्यात एकच ओळ: ‘ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१’. रीस्टार्ट करा, स्पीकर बोलायला लागतील. दहाव्या-अकराव्या पिढीच्या मशीनवर हा उपाय बहुधा लागू पडतो.

खाडीपलीकडे
@तिठा, स्पीकर सुरू होतील हे खरं. पण ती ओळ काय करते ते सांगून मगच सुचवावी. इंटेलच्या या चिपमध्ये आवाजासाठी वेगळा डीएसपी (ध्वनिप्रक्रिया करणारा छोटा प्रोसेसर) असतो आणि नव्या लॅपटॉपमधला आतला डिजिटल माईक थेट त्यालाच जोडलेला असतो. किंमत १ दिली की कर्नल डीएसपी बाजूला ठेवून जुना एचडीए ड्रायव्हर वापरतो. स्पीकर आणि हेडफोन कोडेकवर असल्याने चालतात, पण आतला माईक कायमचा अदृश्य होतो. मग ‘माईक का नाही’ म्हणून सहा महिन्यांनी नवा धागा निघतो आणि तोवर ती फाईल कोणाच्याच लक्षात राहिलेली नसते.

० म्हणजे कर्नलने स्वतः ठरवायचं, १ जुना एचडीए, ३ म्हणजे सॉफ, अर्थात साउंड ओपन फर्मवेअर. ० हीच मूळ किंमत आणि तीच योग्य.

तिठा
मान्य, माईक जातो. पण नेट नसलेल्या ठिकाणी आज संध्याकाळी कार्यक्रम असेल तर माझ्याच ओळीने काम भागतं. कायमचा उपाय म्हणून नका वापरू, एवढं जोडतो.

खाडीपलीकडे
तेवढ्यापुरतं ठीक. फाईलमध्ये पहिल्या ओळीवर # लावून तारीख आणि कारण लिहून ठेवावं. तसं नेट नसतानाही फर्मवेअर (चिपमध्ये चढवायचा छोटा प्रोग्राम) बसवता येतं: दुसऱ्या मशीनवर डेब फाईल (डेबियनचं पॅकेज) उतरवून पेनड्राइव्हने आणायची, त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./’ आणि लगेच फाईलचं नाव. तो ‘./’ विसरला तर एपीटी (पॅकेज बसवणारी आज्ञा) ते नाव रिपॉझिटरीत, म्हणजे डेबियनच्या ऑनलाइन साठ्यात शोधत बसतं.

वाचनवेल
धन्यवाद सगळ्यांना. हेडसेट काढून चालवलं.

एप्ले: ‘नो साउंडकार्ड्स फाउंड’.
एलएसपीसीआय: ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर [०४०१]’, ड्रायव्हर ‘सॉफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल’.
डीमेसेज: ‘इंटेल/सॉफ/सॉफ-टीजीएल.आरआय’ लोड होत नाही, शेवटी -२.

तिठा यांची ओळही लावून पाहिली. स्पीकर सुरू झाले, माईक मात्र नाही. खाडीपलीकडे म्हणाले तसंच.

खाडीपलीकडे
निदान झालं. -२ म्हणजे ‘अशी फाईलच नाही’. कार्ड धडधाकट आहे, ड्रायव्हर बरोबर आहे, ड्रायव्हरने डीएसपीत चढवायची फर्मवेअर फाईल डिस्कवर नाही. टीजीएल म्हणजे टायगर लेक, तुमची अकरावी पिढी.

एलएसपीसीआयमधला ०४०१ हा आकडाही बोलका आहे. साधं एचडीए कार्ड ०४०३ दाखवतं. ०४०१ दिसलं की बायोसने डीएसपी चालू ठेवलाय आणि सॉफ लागणार, असं समजायचं. म्हणूनच एकाच पिढीचे दोन लॅपटॉप वेगळे वागतात: ज्यात डिजिटल माईक नाही तो जुन्या ड्रायव्हरवर फर्मवेअरशिवाय चालतो. चौथ्या पिढीच्या तुमच्या जुन्या लॅपटॉपला ही फाईल लागतच नव्हती, त्यामुळे ती नसल्याचं कळायला मार्ग नव्हता.

वाय-फायही त्यामुळेच बंद. इंटेलच्या वाय-फायला आणि सोबतच्या ब्लूटूथलाही फर्मवेअर लागतं. आता ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट’ उघडा. माझा अंदाज, प्रत्येक ओळीच्या शेवटी फक्त ‘मेन’ असेल. डेबियन ११ पर्यंत फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ विभागात असायचं. १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, त्याचा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग झाला. नव्या इन्स्टॉलरने बसवलं तर तो आपोआप येतो. पण ११ वरून १२ वर येताना फाईलमध्ये फक्त ‘बुल्सआय’च्या (११) जागी ‘बुकवर्म’ (१२) लिहिलं, तर तो विभाग राहून जातो.

‘मेन’च्या पुढे एक जागा सोडून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ जोडा. सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळींनाही. मग:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-सॉफ-साइन्ड फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय

तिठांची आवाज.कॉन्फ आठवणीने पुसा. ती राहिली तर फर्मवेअर बसवूनही सॉफ चालणार नाही. नंतर रीस्टार्ट न करता पूर्ण शटडाउन करून चालू करा.

मालवणी_पेंग्विन
शटडाउनचा बरोबर आसा. सोबत विंडोज असलेल्या मशीनीत तर विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करूकच व्हया. विंडोजातसून रीस्टार्ट करून लिनक्सात इला की कोडेक कधीकधी अर्धवट झोपेत रवता, कार्ड दिसता पण आवाज नाय. पूर्ण बंद करून चालू केला की उठता.

पखवाज
मिक्सरच्या घूं बद्दल. आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं थांबलं तर प्रश्न विजेच्या अर्थिंगचा, लिनक्सचा नाही. गणपतीत, दशावताराच्या रंगमंचावर, सगळीकडे हेच चालतं. चार्जर तीन पिनांचा आणि मिक्सरही तीन पिनांचा, पण दोन वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर अर्थचं वर्तुळ तयार होतं. लॅपटॉपची अर्थ आणि मिक्सरची अर्थ ऑडिओ केबलच्या जाळीतून एकमेकींना भेटतात आणि ५० हर्ट्‌झची गुणगुण मिक्सरमध्ये शिरते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, निम्म्या ठिकाणी एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ‘ग्राउंड लिफ्ट’ (ऑडिओ केबलमधलीच अर्थ तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स लावा.

पिन तासून किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून अर्थ तोडू नका. घूं जातं आणि माणसाच्या जिवाशी खेळ सुरू होतो.

आता या धाग्यात कोणी न विचारलेलं, पण हमखास होणारं. लॅपटॉपचा हेडफोन जॅक स्टीरिओ असतो: टोकाला डावा, रिंगला उजवा. तीच केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे गायकाचा आवाज, गायब; उरतो तो टाळांचा आणि प्रतिध्वनीचा पातळ चोथा. मग ‘लिनक्समध्ये गाण्याचे शब्दच येत नाहीत’ अशी तक्रार येते. उपाय म्हणजे ३.५ मिमी स्टीरिओपासून दोन वेगळ्या ६.३५ मिमी मोनो पिनांची केबल, दोन चॅनेलवर. एकच चॅनेल मोकळं असेल तर सेटिंगमधून आउटपुट मोनो करून फक्त डावी पिन लावा.

जांभा
पखवाज यांच्या म्हणण्यात भर. दुसरी शक्यता उलटी आहे: सभागृहात अर्थिंग नावालाच असणं. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी वाय-कपॅसिटर असतो. अर्थ मिळाली नाही की त्यातून झिरपणारा बारीक प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. धातूच्या बॉडीवरून हात फिरवला की मुंग्या येतात, ते हेच. अशा वेळी आवाज घूं पेक्षा खरखरीत, झर्रर्र असा असतो.

आपल्याकडे जांभ्याचा कातळ. पाणी टिकत नाही, वरचा थर मार्च-एप्रिलला ठणठणीत कोरडा. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि अर्थ कमजोर पडते. वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस दिसले तर मिक्सर बाजूला ठेवा आणि आधी खड्डा दुरुस्त करा. उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालायचं.

आता तुमचा दुसरा लॅपटॉप. तिथे दोष बहुधा जॅकचाच. जॅकच्या आत एक बारीक पत्री असते. पिन आत गेली की ती सरकते आणि कोडेकला कळतं. खाऱ्या हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो किंवा ती अडकून बसते. मग पिन नसतानाही ‘हेडफोन आहे’ असा संकेत जात राहतो आणि स्पीकर आपोआप म्यूट होतात.

खात्री करायला ‘पॅक्टल लिस्ट सिंक्स’ चालवा, पोर्टच्या यादीत हेडफोनसमोर काय येतं ते बघा. पिन बाहेर असताना ‘अव्हेलेबल’ आणि आत घालून-काढूनही काहीच बदलत नसेल तर दोष जॅकचा. मशीन पूर्ण बंद, चार्जर बाजूला, शक्य असेल तर बॅटरीचा कनेक्टरही काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ३.५ मिमीच्या एका जुन्या पिनला लावा, थेंब ओघळणार नाही इतकंच. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, दर वेळी थोडी फिरवा, पुसा, परत. पूर्ण वाळू द्या. दवाखान्यातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. कापसाची काडीही नको, तिचे तंतू पत्रीत अडकतात. आणि गंज काढायचं तेल तर अजिबात नको, त्याच्या चिकट थरावर धूळ बसते.

इतकं करूनही पत्री हलली नाही तर ‘अल्सामिक्सर’, एफ६ ने कार्ड निवडा, उजवीकडे ‘ऑटो-म्यूट मोड’पर्यंत जा आणि ‘डिसेबल्ड’ करा. मग ‘पाव्हूकंट्रोल’ या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये पोर्ट हाताने ‘स्पीकर्स’ निवडा. पुष्कळ मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, तेवढाच बदलता येतो.

कोकमसार
पावसाळ्यात लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवला तर?

जांभा
नको. तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही, पण पीठ मात्र पोर्टमध्ये जातं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळे मणी गुलाबी झाले की तापवून परत निळे करून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे लॅपटॉप रोज थोडा वेळ चालू ठेवणं. आतल्या उष्णतेने बोर्ड कोरडा राहतो. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेली मशीनच जास्त बिघडतात.

वाचनवेल
मंडळी, झालं! सोर्सेसमध्ये खरंच फक्त ‘मेन’ होतं. विभाग जोडला, दोन्ही पॅकेजं बसवली, आवाज.कॉन्फ पुसली, शटडाउन करून चालू केलं. एप्ले आता ‘सॉफ-एचडीए-डीएसपी’ दाखवतं. स्पीकर, जॅक, आतला माईक, वाय-फाय, सगळं सुरू. सुरुवातीला स्पीकर गप्पच होते. अल्सामिक्सरमध्ये स्पीकरच्या पट्टीखाली ‘एमएम’ (म्यूट) होतं, ‘एम’ दाबून ‘ओओ’ केल्यावर मोकळे झाले.

दुसऱ्या लॅपटॉपचा जॅक आयसोप्रोपिलने सुटला. सभागृहाचं अर्थिंग वायरमन बघणार आहे.

एक नवीन त्रास आहे आणि तो वाचकांना फार जाचतो. ओर्का थोडा वेळ गप्प राहून पुन्हा बोलली की पहिलं अक्षर गिळते. ‘फाईल’चं ‘ईल’, ‘नाही’चं ‘ही’. ‘नाही’ तर अर्थच बदलून टाकतं.

तिठा
एसएनडी-एचडीए-इंटेलचं पॉवर_सेव्ह=० करा. अक्षर गिळण्यावर तोच उपाय.

खाडीपलीकडे
जुन्या ड्रायव्हरवर हो. ते पॉवर_सेव्ह एसएनडी-एचडीए-इंटेलचं आहे आणि यांच्याकडे आता सॉफ चालतोय, त्यामुळे त्या ओळीचा परिणाम होणार नाही. सुरंगीताई, हे तुम्ही सांगा, स्क्रीन रीडरवर तुमचा हात बसलेला आहे.

सुरंगी
सांगते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी हा बिघाड आवाज पूर्ण जाण्याइतकाच गंभीर आहे, कारण ऐकणाऱ्याला चुकीची माहिती खरी वाटते.

पल्सऑडिओ थोडा वेळ काहीच वाजलं नाही की कार्ड बंद करतो, मग कोडेकही वीज वाचवायला झोपतो. पुन्हा आवाज आला की जागं व्हायला सेकंदाचा काही अंश लागतो. गाण्यात ते कळत नाही, पण ओर्काचं पहिलं अक्षर तेवढ्यात निघून जातं. कार्ड सतत उघडं ठेवलं की कोडेक झोपत नाही आणि हे सॉफ असो वा जुना ड्रायव्हर, दोन्हींना लागू पडतं.

आधी ‘पॅक्टल इन्फो’ बघा. ‘सर्व्हर नेम’मध्ये नुसतं पल्सऑडिओ असेल तर ‘/ईटीसी/पल्स/डिफॉल्ट.पीए’ उघडा, ‘लोड-मॉड्यूल मॉड्यूल-सस्पेंड-ऑन-आयडल’ ही ओळ शोधा आणि तिच्या आधी # लावा. मग ‘पल्सऑडिओ -के’ चालवा, तो बंद होऊन स्वतःच परत चालू होतो. ही आज्ञा सुडो न लावता द्यायची. पल्सऑडिओ प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा चालतो, सुडोने भलताच हाताळला जातो.

सर्व्हर नेममध्ये ‘ऑन पाइपवायर’ दिसलं तर जागा वेगळी. डेबियन १२ मधला वायरप्लंबर (पाइपवायरचा व्यवस्थापक) ०.४ चा आहे, त्याच्या सेटिंग लुआ फाईलमध्ये असतात. ‘/यूएसआर/शेअर/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी/५०-अल्सा-कॉन्फिग.लुआ’ ही फाईल होममधल्या ‘.कॉन्फिग/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी/’ मध्ये कॉपी करा, ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ या ओळीसमोरच्या दोन रेघा काढा आणि ५ च्या जागी ० लिहा. ० म्हणजे कधीच झोपायचं नाही. वायरप्लंबर ०.५ पासून लुआऐवजी .कॉन्फ फाईल आल्या, तिथे ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही.

बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. या लॅपटॉपसाठी तो खर्च करावाच.

वाचनवेल
ताई, ‘नाही’ आता पूर्ण ऐकू येतं! पल्सऑडिओच होता. पण लॉगिनच्या पडद्यावरची ओर्का अजून पहिलं अक्षर खाते. आत शिरल्यावर ठीक.

सुरंगी
बदल ईटीसीमध्ये केलात की होममधल्या ‘.कॉन्फिग/पल्स’ मध्ये? लॉगिनचा पडदा लाइटडीएम नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावावर चालतो, त्याला तुमच्या होममधलं काही दिसत नाही. ईटीसीतल्याच फाईलमध्ये # लावा आणि मशीन पूर्ण रीस्टार्ट करा, नुसतं लॉग आउट पुरणार नाही. पुढे अपग्रेड करताना एपीटीने ‘ही फाईल तुम्ही बदलली आहे, नवी ठेवू का’ असं विचारलं तर ‘एन’ दाबून तुमचीच ठेवा.

वाचनवेल
होममध्येच केला होता. ईटीसीत केला, रीस्टार्ट केलं, लॉगिनलाही पूर्ण शब्द येतोय.